सॉफ्ट प्लास्टिकने मासे धरायला कोणता रॉड आणि कोणतं रील घ्यावं?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतले बास माशाचे व्हिडिओ बघून सॉफ्ट प्लास्टिकचा, म्हणजे मऊ रबरी आमिषाचा, नाद लागलाय, नाशिकच्या आसपास तेच वापरून बघायचंय, तर रॉड कोणता आणि रील स्पिनिंग (फेकताना लाइनची चकरी स्थिर राहते) घ्यावं की बेटकास्टिंग (चकरीही फिरते).

बास सोडा, तो उत्तर अमेरिकेतला. आपल्याकडे तुमचं गिऱ्हाईक म्हणजे मरळ. पण बासचा रॉड मरळीला अगदी चालतो, कारण खोड एकच: काठाशी वेलींच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि समोर काही वळवळलं की झडप घालायची.

बहुतेक जण चकचकीत रील आधी घेतात आणि उरलेल्या पैशात रॉड. तुम्ही उलटं करा. चमचा (धातूची चकाकती पट्टी) किंवा क्रँकबेट (टणक नकली मासा) रीलनेच चालतं. सॉफ्ट प्लास्टिक चालतं रॉडच्या टोकाने. रीलचं काम फक्त सैल पडलेली लाइन गोळा करण्याचं. त्यात मासा बरेचदा आमिष खाली बुडत असतानाच घेतो. हाताला एक बारीक टक् जाणवते, कधी तेवढंही नाही, नुसती लाइन बाजूला सरकते. मठ्ठ रॉडवर यातलं काही कळत नाही. म्हणून टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकून बंद होणारा, रॉड या कामाला नकोच. गाडीवर न्यायचा असेल तर दोन तुकड्यांचा घ्या.

मुठीच्या वर बारीक अक्षरांत छापलेलं वाचा. ७ फूट, मीडियम हेवी (मध्यमपेक्षा थोडा दणकट), फास्ट अॅक्शन आणि आमिषाचं वजन साधारण ७ ते २१ ग्रॅम. फास्ट म्हणजे रॉड टोकाकडेच वाकतो, खालचा भाग ताठ राहतो. हा ताठपणा कशाला, ते गळ ओवताना कळेल. ऑफसेट गळाचं (मानेशी वाकवलेल्या गळाचं) टोक आमिषाच्या नाकातून अर्धा सेंटीमीटर आत घालून खालून बाहेर काढायचं, गळ फिरवायचा, टोक पोटातून पाठीकडे आणायचं आणि पाठीच्या कातड्यात जेमतेम दडवायचं. त्यामुळे पाणवेलीत अडकत नाही. पण मासा लागताना त्याच टोकाला आधी रबर फाडून मग जबड्यात शिरायचं असतं, आणि मरळीचा जबडा हाडाचा. लिबलिबीत रॉडने हिसका दिलात तर सगळा जोर रॉड वाकण्यातच जातो.

पहिलं रील स्पिनिंगच घ्या, ३००० साइजचं. बेटकास्टिंग दिसायला झोकदार, जड आमिषाला उत्तम, पण ५-७ ग्रॅमचं हलकं आमिष फेकताना स्पूल (लाइनची चकरी) आमिषापेक्षा जोरात फिरतो आणि लाइनचं घरटं होतं. मग संध्याकाळ गुंता सोडवण्यात जाते. पुढे घ्यालच, तेव्हा ७:१ च्या आसपासचा गिअर रेशो (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे सात फेरे) बघा, सैल लाइन पटकन भरता येते. बेअरिंग किती, हा आकडा दुकानदार फार रंगवून सांगतात. मी त्यापेक्षा ड्रॅग (मासा ओढताना लाइन सोडणारा ब्रेक) हळूहळू, न अडखळता सुटतो का ते हाताने ओढून बघतो.

लाइन ३० पौंडी ब्रेडेड, म्हणजे विणलेली. वेलींतून मासा ओढायचा तर नायलॉनचं ताणलं जाणं आड येतं. पाणी मोकळं आणि स्वच्छ असेल तर पुढे हातभर फ्लुरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारी लाइन) जोडा. स्पूलवर आधी नायलॉनचे थोडे वेढे घ्या. नुसती ब्रेडेड गुंडाळलीत तर ती स्पूलवर गरगर घसरते आणि माणसाला वाटतं ड्रॅग बिघडला.

आमिषात बासवाल्यांचे लांब लवचिक किडे मरळ दातांनी पहिल्याच चाव्यात कुरतडते. त्यापेक्षा ४ इंची, जाड रबराचा, शेपटी हलणारा मासा घ्या, त्यात ४/० मापाचा गळ. चिलापीवर जायचं असेल तर मात्र वरचं सगळं जाड पडेल. तिथे हलका रॉड आणि दोन-तीन ग्रॅमचं जिग हेड (डोक्याशी वजन असलेला गळ).

पावसाळ्यात पृष्ठभागावर लालसर पिलांचा घोळका दिसला तर तिथे टाकू नका. खाली राखण करणारी मरळ झडप घालते, पण तिला उचललंत तर पिलं इतर मासे खातात.

आणि जागेचं बघा. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिकडे रॉड घेऊन जायचंच नाही. धरणांची मासेमारी बहुतेक सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, तेव्हा काठावरच्या माणसाला विचारूनच गळ टाका. बजेट किती आहे ते लिहा, म्हणजे नेमका सेट सुचवता येईल.