शाळेतला वायफाय आणि शेजारचा टॉवर: सगळ्याचा मिळून एक अर्ज करू नका

ताई, जुळे सोलापुरातल्या तुमच्या लेकीच्या शाळेत चौथीच्या वर्गात वायफाय आणि टॅब आले, शेजारच्या इमारतीवर टॉवर आहे, पोरगी रोज डोकं दुखतंय म्हणते, आणि या सगळ्याची तक्रार कुठे करायची असं तुम्ही विचारलंय. वाचून राहवलं नाही. आमच्या पालक संघाने हेच सगळं भोगलंय. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. नेटवर्किंगची कामं करतो, तेवढ्यापुरतंच माझं म्हणणं धरा.

सगळ्याचा मिळून एक अर्ज अजिबात देऊ नका. आमच्या अर्जात टॉवरची परवानगी, गच्चीवरचा भार, रेडिएशन आणि वर्गातला वायफाय असं सगळं होतं. ज्या कार्यालयात दिला तिथे 'रेडिएशन' शब्द वाचून तो आरोग्याकडे पाठवला. आरोग्याने शिक्षणाकडे. शिक्षणाने 'बांधकामाशी संबंधित' असा शेरा मारून पुन्हा पहिल्याच टेबलावर. दर ठिकाणी जावक क्रमांक, निळा गोल शिक्का, खाली 'उचित कार्यवाहीस्तव'. कार्यवाही काहीच नाही. कधीही जा, साहेब मीटिंगला. निर्णय नक्की कोण घेणार असं विचारलं तर "वरून आलं की कळवू". शेवटी परवानगीचा कागद माहितीच्या अधिकारात मागितला. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मुदत ३० दिवसांची, आणि उत्तर आलं की अभिलेख शोधणे सुरू आहे. पहिलं अपील केल्यावर (त्याला २० रुपयांचा स्टॅम्प) तोच कागद निघाला. तोवर शाळेचं वर्ष संपलेलं, बरेच पालक कंटाळून बाजूला झालेले. पहिल्याच दिवशी तिथल्या कुणी "हे आमच्याकडे येत नाही, अमुक ठिकाणी जा" एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. त्याचा राग अजून जात नाही.

म्हणून वाटण्या करून घ्या. इमारतीची परवानगी आणि गच्चीवरचा भार हा महापालिकेचा विषय, त्यात रेडिएशनचा र सुद्धा लिहू नका. टॉवरच्या लहरी हा केंद्राच्या दूरसंचार विभागाचा. त्यांचं 'तरंग संचार' नावाचं पोर्टल आहे, तिथे आपल्या भागातले टॉवर दिसतात आणि पैसे भरून मोजणीही मागता येते. २०१७ साली पोर्टल सुरू झालं तेव्हा शुल्क ४००० रुपये होतं. वर्गणी काढली तर जड नाही. आपल्या देशाने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींच्या जोराची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली होती, म्हणजे मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्‌झला चौरस मीटरला ४.५ वॅटऐवजी ०.४५. आमच्याकडे मोजणी झाली तेव्हा मी शेजारी उभा राहून आकडे पाहिले. मर्यादेच्या बरेच खाली होते. काही पालकांना पटलं नाही, मला पटलं. अँटेनाचा झोत मुख्यतः समोर आडवा जातो, त्यामुळे टॉवरच्या अगदी पायथ्याशी जोर कमी असतो, हेही ध्यानात असू द्या.

राजस्थान उच्च न्यायालयाचा २०१२चा शाळांजवळचे टॉवर हटवण्याचा आदेश तुम्हाला कुणीतरी पाठवेलच. तो खरा आहे, पण दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयाचा आहे. त्याची झेरॉक्स जोडली म्हणून सोलापुरात टॉवर हलत नाही.

आता वायफाय. इथे कुठल्याच कार्यालयात जायची गरज नाही, मुख्याध्यापकांना भेटा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली वायफाय-मोबाइलच्या या रेडिओ लहरींना 'कर्करोगाची शक्यता असू शकते' अशा गटात, म्हणजे २बी मध्ये टाकलं. पुरावा मर्यादित आहे असा त्याचा अर्थ. "वायफायने कॅन्सर होतो" असं म्हणत आत शिरलात तर पहिल्या पाच मिनिटांत तुमचं ऐकणं बंद होईल. फ्रान्सने २०१५च्या कायद्यात तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरांतल्या खोल्यांत वायफाय नको आणि प्राथमिक शाळेत शिकवायला लागत नसेल तेव्हा ते बंद ठेवा, असं ठरवलं. माझ्या मते एवढंच मागणं रास्त आहे.

आम्ही संगणक कक्षात आणि स्मार्ट टीव्हीला केबलच ओढून घेतली. सीसीटीव्ही बसवणारा कुणीही हे काम करतो: कॅट-६ म्हणजे नेटची केबल, भिंतीला केसिंग पट्टी, कोपऱ्यात एक नेटवर्क स्विच (एका केबलचे अनेक फाटे करणारा डबा). एक ओढ १०० मीटरच्या आत ठेवा. व्हिडिओ अडकायचे थांबले, म्हणून सगळ्यात खूश झाले ते शिक्षक. आमच्या मुख्याध्यापकांना राजी केलं ते याच मुद्द्याने, लहरींच्या भीतीने नव्हे. टॅबला केबल जोडणं अवघड, तिथे धडे आधीच उतरवून घ्यायचे आणि तासाला एअरप्लेन मोड. सरकारच्या 'दीक्षा' या शिक्षणाच्या ॲपवरचं बरंच साहित्य असं ऑफलाइन चालतं. राउटर मुलांच्या डोक्याजवळच्या भिंतीवरून काढून उंच, लांब लावायला सांगा, अंतर वाढलं की जोर झपाट्याने उतरतो.

घरचा फोन मात्र विसरू नका. भिंतीवरच्या राउटरपेक्षा कानाला लावलेला फोन कितीतरी जवळ असतो, आणि पत्र्याच्या खोलीत रेंज नसली की तो जास्त जोर लावतो. बाजारात 'अँटी-रेडिएशन' स्टिकर मिळतात, त्यात एक रुपयाही घालू नका. स्टिकरने लहर खरंच अडली तर फोन उलट ताकद वाढवेल.

आणि डोकेदुखी. मला राहून राहून वाटतं, हे तुम्ही सगळ्यात आधी बघायला हवं. एप्रिलात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, वर्ग पत्र्याचे, पाण्याची बाटली दुपारपर्यंत रिकामी, आणि त्यात टॅब नाकाशी धरलेला. लेकीला फळ्यावरचं नीट दिसतं का, तेही विचारलंय का? डोळे तपासून घ्या, डॉक्टरांना दाखवा. टॉवरच्या अर्जाचं उत्तर येईपर्यंत हे थांबवू नका.

मुख्याध्यापकांना द्यायच्या पत्रात केबल, राउटरची जागा आणि वापर नसताना बंद एवढ्याच तीन मागण्या ठेवा. पत्राची पोच घ्या. मसुदा झाला की इथे टाका, मी वाचून सांगतो.