हातांचं काय करायचं?

प्रश्न : ताई, तुम्ही चाळीसहून जास्त वर्षं नाटकात काम करताय. स्वतःच्या नाटकांची परीक्षणं वाचता का? वाईट परीक्षण आलं की पुढच्या प्रयोगाला उभं कसं राहता?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : सगळी वाचते. तोंडपाठ मात्र एकच आहे. राज्य नाट्यस्पर्धेतून मी व्यावसायिक नाटकात आले ती १९८१ साली. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहातल्या शुभारंभानंतर रविवारच्या पुरवणीत परीक्षण आलं. माझ्या वाट्याला एक वाक्य : आवाज चांगला आहे, पण हातांचं काय करायचं हे यांना अजून ठाऊक नाही. दुपारी चारचा प्रयोग होता. मेकअपला बसले तरी रडू थांबेना. प्रयोगात तर हात लाकडासारखे झाले. रात्री घरी आरशासमोर दुसरा अंक करून पाहिला, तेव्हा दिसलं, दर वाक्याला मी पदर चाचपत होते. पुढच्या तालमीत दिग्दर्शकांनी त्या प्रवेशात माझ्यापुढे तांदूळ निवडायचं सूप ठेवलं. हळूहळू हातांचा विसर पडला.

राग तरीही गेला नव्हता. परीक्षक पहिला प्रयोग बघतात, शंभरावा आम्ही करतो. म्हणून पंचाहत्तराव्या प्रयोगाला त्याच परीक्षकांना मुद्दाम बोलावलं. आले. नंतर मेकअपरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "हात सुटले. पण आता हशा येण्याआधीच तुम्ही त्याच्यासाठी थांबता." खरं होतं. प्रयोगागणिक ती जागा लांबत गेली होती आणि आमच्यापैकी कुणालाच ते कळलं नव्हतं.

तेव्हा असं बारकाईनं बघणारे परीक्षक होते. एखाद्या मराठी नाटकाचं परदेशी मूळ माधव मनोहर नेमकं हुडकून काढायचे. कमलाकर नाडकर्णी स्वतः रंगमंचावर काम केलेले. नटाची अडचण त्यांना आतून ठाऊक होती. स्तुतीचीही कात्रणं माझ्याकडे आहेत. 'सहजसुंदर अभिनय' हे शब्द त्यांत कितीदा तरी सापडतील, पण उद्याच्या प्रयोगात काय बदलू, ते त्यांतून कळत नाही.

आता पुरवण्यांत नाटकाला जागा थोडी. पडदा पडला की माझ्यासोबतच्या मुलांच्या मोबाइलवर 'निःशब्द', 'अप्रतिम' असे मेसेज येतात. मुलं आनंदतात, आनंदावंच. पण हशाची जागा लांबली, हे त्यांना कोण सांगणार? मला याची फार काळजी वाटते.

पुढच्या प्रयोगाचं विचारलंत. त्या रविवारपासून मी प्रयोगाआधी परीक्षण वाचत नाही. कात्रण पर्समध्ये राहतं. रात्री घरी आले, जेवले, की मग उघडते.