एचडी ६५० च्या पुढे काय? डग्गा ऐकून ठरवा

तुमचा प्रश्न असा, की सेनहायझर एचडी ६५० हेडफोननंतर एचडी ८०० एस घ्यावा की ऑडीझीचा एलसीडी-२. ॲम्प (हेडफोन चालवणारा ॲम्प्लिफायर) ओटीएल ट्यूबचा, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला; ऐकणं बहुतेक ख्याल गायकी. माझा ६५० जुना आहे, एलसीडी-२ सेकंडहँड घेतला, आणि ८०० एस मित्राने दीड महिना वापरायला दिला होता.

आधीच सांगतो, गळा ६५० वर जितका जवळ येतो तितका बाकी दोघांवर येत नाही. त्यामुळे नवीन घेताना ६५० मध्ये नेमकं काय कमी पडतंय ते बघा.

माझी परीक्षा ठरलेली: विलंबित ख्यालाचं मैफलीतलं रेकॉर्डिंग, पहिली पाच मिनिटं. ६५० वर तानपुरा गायकामागे धुक्यासारखा पसरलेला असतो. ८०० एस वर त्याच धुक्यातून पंचमाची तार वेगळी निघते, तबल्याची चाट लख्ख वाजते आणि श्रोत्यांतला खोकला कुठून आला ते बोट दाखवून सांगता येतं. मोकळी जागा हवी असेल तर दुसरा विचारच नको. मूळ ८०० चा ६ किलोहर्ट्‌झजवळचा टोचरेपणा २०१६ च्या ८०० एसमध्ये बराच कमी केलाय, तरी जुन्या, कर्कश रेकॉर्डिंगला हा हेडफोन दयामाया दाखवत नाही.

एलसीडी-२ चं राज्य डग्ग्यावर. मनगट दाबून काढलेली मींड वर सरकत जाते ती शेवटपर्यंत हाताला लागते. ६५० वर तिचा नुसता घुमारा कळतो. पण ३-४ किलोहर्ट्‌झच्या आसपास आवाज दबलेला असल्याने गायक दोन पावलं मागे बसल्यासारखा वाटतो. (जुन्या-नव्या प्रतींच्या ट्यूनिंगमध्ये फरक आहे, सेकंडहँड घेताना साल विचारा.) वजन अर्ध्या किलोच्या वर. बडा ख्याल संपेपर्यंत माझी मान बोलायला लागते.

आता ॲम्प. ६५० चा इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) ३०० ओहम, पण खर्जात तो ५०० च्या जवळ चढतो. ओटीएलचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असतो, म्हणून तिथे खर्ज थोडा फुगतो. तुम्हाला आवडणारा ६५० चा गोडवा थोडा त्या ॲम्पचाही आहे. ८०० एस ही ३०० ओहमचाच, त्याचं तुमच्या ॲम्पशी छान जमेल. एलसीडी-२ मात्र ७० ओहमचा प्लेनर (सपाट पडद्याचा), त्याला करंट लागतो. तो घेतलात तर सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरच्या) ॲम्पचा खर्च धरूनच चाला.

दुकानात तुलना करताना आवाजाचा नॉब एकाच जागी ठेवू नका. तिथे एलसीडी-२ बराच मोठा वाजतो आणि मोठा वाजेल तो चांगला वाटतो. मीही फसलोय.

आणि हो, ६५० च्या कानाच्या गाद्या शेवटच्या कधी बदलल्यात? माझ्या इतक्या चपट्या झाल्या होत्या की कान आतल्या जाळीला टेकायचे. नव्या घातल्यावर तीन महिने मी दुसऱ्या हेडफोनचं नाव काढलं नव्हतं.