पोथीतली एक ओळ सांगून कोणी गप्प करत असेल, तर ग्रंथ वाचायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की गावच्या सप्ताहात तुम्ही एका ओवीचा अर्थ विचारला आणि व्यासपीठावरून उत्तर आलं, 'संशयात्मा विनश्यति', म्हणजे संशय घेणाऱ्याचा नाश होतो. तुमची श्रद्धा आहे, ग्रंथ सोडायचा नाही, पण अशा ओळीचा खरा अर्थ कसा लावायचा ते तुम्हाला हवंय.

हेच वाक्य मी बाराव्या वर्षी ऐकलंय. मोर्शी तालुक्यातलं आमचं गाव, मारुतीच्या देवळापुढचा मंडप. अर्जुनाला लढायचंच नव्हतं तर देवानं त्याला लढायला का लावलं, एवढंच मी विचारलं होतं. पोथी सांगणारे बुवा कडाडले, "चूप बस रे पोट्ट्या, संशयात्मा विनश्यति!" मंडपातल्या मोठ्या माणसांनी माना डोलावल्या. त्या रात्री मायच्या कुशीत मला झोप नव्हती. देवाला प्रश्न विचारला, आता आपला नाश होणार, हीच भीती.

पुढे कितीतरी वर्षांनी गीता हातात घेऊन ती ओळ शोधली. चौथा अध्याय, 40 वा श्लोक. सहा श्लोक मागे गेलो तर 34 व्या श्लोकात श्रीकृष्णच सांगतात, 'तद्विद्धि प्रणिपातेन परिप्रश्नेन सेवया'. ज्ञान मिळवायचं तर नम्र व्हा, सेवा करा आणि खोदून खोदून विचारा. ज्ञानेश्वर माउली याच जागी म्हणतात, 'मग अपेक्षित जें आपुलें । तेंही सांगती पुसिलें'. विचारलं की संत सांगतात. आणि 40 च्या पुढे? 42 व्यात अर्जुनाला सांगितलंय की मनात बसलेला हा संशय ज्ञानाच्या तलवारीनं तोड आणि ऊठ. तोडायला ज्ञान लागतं आणि ज्ञान विचारल्याशिवाय येत नाही. ज्या वाक्यानं मला गप्प केलं होतं, त्याच्या दोन्ही अंगाला विचारण्याची वाट मोकळी होती. मधली एक ओळ उचलली की नेमकी तीच बंद होते. त्या दिवशी मला बुवांचा राग आला नाही. त्यांनाही लहानपणी कोणीतरी असंच गप्प केलं असणार. वाईट वाटलं ते मंडपातल्या सगळ्यांसाठी.

वाचायचं कसं, हे मला आजीनं शिकवलं, आणि तिला अक्षरओळख नव्हती. चातुर्मासात संध्याकाळी मी तिला पोथी वाचून दाखवायचो. ती वाती वळत बसायची. मी घाईत एखादी ओवी उरकली की तिचा हात थांबायचा. "मांगून घे बाप्पा. कोन कोनाले म्हनलं हे?" मग मला दहा ओव्या मागं जावं लागायचं. कधी उत्तर सापडायचं, कधी नाही. नाही सापडलं तर ती म्हणायची, "राहू दे मंग, उद्या पाहू." अर्थ लागला नाही म्हणून तिनं कधी ओढूनताणून लावला नाही.

आजीचा हा प्रश्न किती जुना आहे ते मला रिद्धपूरमुळं समजलं. महानुभाव पंथाचं हे ठिकाण आमच्याच तालुक्यात आहे, आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही झालंय. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी या पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामी यांच्या आठवणी शिष्यांना विचारून विचारून गोळा केल्या, त्याच लीळाचरित्रातल्या लीळा. त्यांतून पंथातल्याच केसोबासांनी स्वामींची वचनं, म्हणजे सूत्रं, वेगळी काढून 'सूत्रपाठ' हा ग्रंथ केला. पण वचनं अशी सुटी झाली की ती कोणाला, कुठं, कशावरून म्हटली ते हरवायला लागतं. म्हणून महानुभावांनी सूत्रांचा प्रसंग सांगणारं 'प्रकरणवश' नावाचं वेगळं लेखन केलं. प्रकरण पाहून मग वचनाचा अर्थ, ही शिस्त आपल्या मातीतली आहे. ती बाहेरून आणायची गरज नाही.

त्यातलंच 'महाराष्ट्री असावे' हे सूत्र घ्या. आज ते प्रदेशाच्या अभिमानाचं वचन म्हणून सांगतात. मूळ जागी ती भिक्षा मागून राहणाऱ्या विरक्त शिष्यांना केलेली सूचना आहे. कानड आणि तेलंग देशांत विषयांची रेलचेल आहे, तिकडं जाऊ नका, साधना ढळेल, असा त्याचा रोख. अभिमान बाळगायला हरकत नाही, पण त्या सूत्राच्या तोंडी तो घालू नये.

तुम्ही शेतकरी असाल तर हे लगेच लक्षात येईल. संत्र्याला आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाडाला ताण देतात. आता 'झाडाचं पाणी तोडा' एवढीच ओळ कोणी लिहून घेतली आणि फळं लागल्यावर भर उन्हाळ्यात अमलात आणली, तर बाग जाईल. वाक्य खोटं नाही. कोणत्या महिन्यात, कसल्या जमिनीत, कशासाठी, हे त्यातून गळलं. हलक्या जमिनीतला ताण भारी जमिनीला पुरत नाही. शास्त्रवचनांचंही असंच असतं.

एक प्रसंग सांगतो, कारण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा धोका इथं आहे. निंदणाचे दिवस होते. मजुरी वाढवून मागणाऱ्या बायांना एक शेतमालक म्हणाला, "कर्मण्येवाधिकारस्ते, फळाची आशा धरू नये." त्या बाया ओशाळल्या आणि पुन्हा पऱ्हाटीत वाकल्या. मी तिथं होतो आणि काही बोललो नाही, ते अजून सलतं. तो श्लोक रणात गळून बसलेल्या अर्जुनाला सांगितलाय. ज्यानं दुसऱ्याच्या कष्टाचा दाम द्यायचा त्याला ती पावती नव्हे. फळाची आसक्ती सोडायची ती करणाऱ्यानं, स्वतःच्या मनातून. दुसऱ्यानं त्याचं फळ ठेवून घ्यायला तिथं कुठंही परवानगी नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पारायण सोडू नका. सात दिवसांत ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या म्हणजे रोजच्या जवळपास तेराशे होतात. त्या चालीत कानाला गोडी लागते, पण अर्थाला बसायला जागा नसते. त्यासाठी वेगळा वेळ ठेवा, रोज पाच-दहा ओव्या पुष्कळ झाल्या. तुकडोजी महाराजांनी तर ग्रामगीता नुसत्या पारायणाची नाही, वाट दाखवायची आहे, हे ग्रंथातच सांगून ठेवलंय. शब्द अडला की सार्थ, म्हणजे अर्थासह छापलेली, प्रत पाहा, कारण जुन्या मराठीतला शब्द फसवतो. पसायदानातल्या 'खळांची' या शब्दावर लहानपणी आम्हाला मळणीचं खळं आठवायचं. तिथं दुष्ट माणूस आहे, आणि मागणं त्याचा वाकडेपणा जावा एवढंच आहे, तो मरावा असं नाही. मोबाइलवर फिरणारी ओवी आधी छापील ग्रंथात आहे का, तेही बघा.

आणि हे फक्त आपल्याच पोथीचं नाही. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांत, माझा एक बौद्ध मित्र विहारात ग्रंथवाचन करतो. कालाम सुत्तात, म्हणजे कालाम लोकांना केलेल्या उपदेशात, बुद्धांनी परंपरेवरून मानू नका म्हटलंय, एवढंच लोक उचलतात, ही त्याची तक्रार. त्याच यादीत नुसत्या तर्कावरूनही मानू नका असं आहे, ते कोणी सांगत नाही.

तुमच्या बुवांशी मंडपात वाद घालू नका, चारचौघांत माणूस मागं सरत नाही. सप्ताह उरकल्यावर घरी जा, पाया पडा आणि चौथा अध्याय उघडून समोर बसा. 34 पासून 42 पर्यंत नऊच श्लोक आहेत. ते दोघं मिळून मोठ्यानं सलग वाचा, आणि मग तुमची ओवी विचारा.