एसटी स्टँडचं वर्णन ‘खूप गर्दी’च्या पुढे कसं न्यायचं?

प्रश्न: ताई, मुलगी आठवीत आहे. ‘एसटी स्टँडवरचा अर्धा तास’ यावर परिच्छेद लिहायला सांगितला तर चार ओळीत संपतो, सगळं नुसतं खूप गर्दी, खूप आवाज, खूप मजा. काय करू?

उत्तर: अहो, तिला एकदा खरंच स्टँडवर घेऊन जा आणि एका बाकड्यावर बसवा, वही नंतर. बसल्या जागेवरून जेवढं दिसतं तेवढंच लिहायचं, म्हणजे आपोआप क्रम लागतो. गाडी फलाटाला लागली की लोक खिडकीतून रुमाल, पिशवी टाकून जागा धरतात, कंडक्टर डबल बेल मारतो, डिझेलचा वास, भाजलेल्या शेंगा, स्पीकरवरची घरघर, हे लिहिलं की ‘खूप गर्दी’ म्हणायची गरजच उरत नाही! मला तर विशेषणांपेक्षा क्रियापदं फार महत्त्वाची वाटतात, बस ‘आली’ का ‘धडधडत वळली’, बघा किती फरक पडतो. डोळे मिटून फक्त आवाज मोजायला सांगा, मुलं हमखास वेगळं काहीतरी पकडतात. आणि प्लीज, गाईडमधला तयार परिच्छेद पाठ करून घेऊ नका, तिची वाक्यं वाकडी असली तरी चालतील. पहिला खर्डा झाला की तिलाच मोठ्याने वाचायला लावा, कुठे अडखळते ते तिचं तिलाच कळेल.