वाचक विचारतात: साठ बीएचपीच्या स्टॉर्ममध्ये टर्बो इंजिन बसते का?

प्रश्न (दर्यापूर तालुका, जि. अमरावती): भाऊ, माह्याकडं जुनी सॅन स्टॉर्म हाय, दोन सीटवाली, फायबर बॉडीची. दिसाले एक नंबर, गावात आली का पोट्टे मांगं धावते, पन हायवेवर ओव्हरटेक कराले गेलं तं ट्रकवाला हासते. नागपुरात एका भंगारवाल्याकडं ठोकलेल्या मारुती सुझुकी बलेनो आरएसचं टर्बो इंजिन हाय. मिस्तरी म्हन्ते दोन हप्त्यात बसवून देतो. समृद्धीवर चालवाची हाय. बसवू का? का जुन्याच इंजिनले टर्बो लावू?

उत्तर: आधी उत्तर देऊन टाकतो, मग पाहिजे तं भांडू. बसते. वेल्डिंग मशीन अन पैसा असला की कोणतंही इंजिन कशातही बसते. पण तुम्ही भाव फक्त इंजिनचा विचारून राहिले, अन बदलावी लागणार आहे जवळपास आख्खी गाडी, हे मिस्तरीनं सांगितलेलं दिसत नाही.

स्टॉर्मचं मूळ इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ६० बीएचपीच्या आसपास. आरएसचं बूस्टरजेट नावाचं इंजिन ९९८ सीसी, तीन सिलिंडर, १०० बीएचपी अन १५० न्यूटन मीटर टॉर्क. आकडे पाहून कोणालाही लोभ सुटन. पण रेनॉच्या गिअरबॉक्सला सुझुकीचं इंजिन जुळत नाही, म्हणून गिअरबॉक्सही आरएसचाच घ्या. मग ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकं फिरवणारे दांडे) एका टोकाला सुझुकीचे अन चाकाकडं स्टॉर्मचे पाहिजेत, ते चांगल्या टर्नरकडून नवे बनवून घ्या, दोन अर्धे कापून वेल्ड केलेले तर अजिबात नको, तुटले की भर रस्त्यात तुटतात. इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं, त्याला हाय प्रेशर पंप, ॲक्सिलरेटर पॅडल इलेक्ट्रॉनिक, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अन इमोबिलायझर (चोरी रोखणारं चावीचं लॉक) एकमेकांना बांधलेले, त्यामुळे मूळ चावीशिवाय ते सुरूच होणार नाही. म्हणून घ्यायचंच असेल तर ठोकलेली आख्खी गाडी घ्या. भंगारवाल्यानं वायरिंग कापून नुसतं इंजिन बाजूला काढून ठेवलं असेल तं तिथूनच परत फिरा.

असे इंजिन बदलायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, तं त्यातले बरेच टोयोटा एमआर२ या दोन सीटच्या गाडीचे असतात. १९८९ ते १९९९ च्या त्या मॉडेलमध्ये साधं इंजिन काढून थ्रीएस-जीटीई नावाचं टर्बो इंजिन टाकायची बाहेरदेशी जुनी रीत आहे, अन ते जमते कारण टोयोटानं स्वतःच तीच गाडी साध्या अन टर्बो दोन्ही इंजिनांत विकली, माउंटिंगपासून वायरिंगपर्यंत सगळं कंपनीचंच मिळते. तरी तिथंही लोक मोठा ई१५३ गिअरबॉक्स सोबत टाकतात, कारण साध्या गाडीचा गिअरबॉक्स तेवढा ताण जास्त दिवस झेलत नाही. स्टॉर्मची टर्बो बहीण कोणी बनवलीच नाही, म्हणजे प्रत्येक ब्रॅकेट तुमच्या मिस्तरीच्या डोक्यातून निघणार.

आता आपल्या इकडची गोष्ट, अन हीच मला जास्त खटकते. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुरावर फिरणारा पंखा, तो दुसऱ्या बाजूनं हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा दाबली की तापते. मे महिन्यात अकोल्या-अमरावतीकडं ४५ डिग्रीची हवा आत गेली अन पाऊण बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) आसपास दाबली तरी टर्बोतून निघताना सव्वाशे डिग्रीच्या घरात जाते, इंटरकूलरनं (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) ती नीट थंड केली नाही तं पेट्रोल वेळेआधी पेटते, इंजिन ठोके मारते अन पिस्टन जाते. स्टॉर्मच्या छोट्या तोंडात रेडिएटरलाच जागा जेमतेम, त्याच्यासमोर इंटरकूलर उभा केला की रेडिएटरची हवा अडते. त्यात बॉनेट फायबरचं. टर्बोचं बाहेरचं कवच लाल होईपर्यंत तापते, हीट शिल्ड न लावता बॉनेटखाली बसवलं तं फायबरमधलं रेझीन नरम पडन, रंग फुगन अन आग लागायची भीती वेगळीच. आपली काळी मातीची धूळ फिल्टरच्या फटीतून गेली तं टर्बोचं पातं घासून काढते, हेही ध्यानात ठेवा.

जुन्याच इंजिनला टर्बो लावायचा विचार तर सोडाच. त्याचं कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबायचं प्रमाण) टर्बोच्या हिशेबानं ठेवलेलं नाही, इंजेक्टर छोटे, अन तेवढ्या जुन्या हेड गॅस्केटवर बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, द्यायची माझी तरी हिंमत नाही.

शंकरपटात (बैलजोडीच्या शर्यतीत) जोडी तगडी झाली की छकडीही तशीच लागते. १२० च्या वेगातून गाडी थांबवायची तं ब्रेक, सस्पेन्शन, टायर सगळं बदलावं लागन अन समृद्धीवर कारला मर्यादाच १२० ची आहे.

कागदाचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची कंपनीची माहिती बदलन असा बदल करता येत नाही, अन २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १५ वर्षं झालेली गाडी दर ५ वर्षांनी तपासणीला न्यावी लागते, तिथं इंजिन नंबर पाहतातच. इन्शुरन्सवाल्याला कळवलं नसेल तं ॲक्सिडेंटच्या दिवशी तो हात वर करन.

मी असतो तं काय केलं असतं? कॉम्प्रेशन टेस्ट करून व्हॉल्व्ह बसवून घेतले असते, रेडिएटरची आतली जाळी नवी टाकली असती, ई२० पेट्रोल जुने रबरी पाइप खाते म्हणून ते सगळे बदलले असते अन चांगले टायर टाकले असते. अशा गाड्या आता फार उरल्या नाहीत, मूळ इंजिनवाली असली की हौशी गिऱ्हाईक भेटते, कापलेली असली तं भंगारवालाच. अन वेगच पाहिजे असन तं ठोकलेली आरएस शोधण्यापेक्षा चालती आरएस घ्या ना बावा, स्टॉर्म रविवारी चिखलदऱ्याला न्या.

प्रश्न (मेहकर तालुका, जि. बुलढाणा): ट्रॅक्टर रोटाव्हेटरले कमी पडते. टर्बो किट लावू का?

उत्तर: डिझेलला पेट्रोलसारखी ठोक्याची भीती नाही, त्यामुळे बसवणं सोपं. पण नुसती हवा वाढवून ताकद वाढत नाही, पंपातून डिझेलही वाढवावं लागते, मग पिस्टन तापते अन क्लच-गिअरवर लोड येते. टर्बोचं मॉडेल असते त्यात कंपनी बरेचदा पिस्टनखाली तेलाचा फवारा देते, तुमच्यात तो नसन तं नका लावू. आधी एअर क्लीनर साफ करा, नोझल चेक करा, अन रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या एचपीपेक्षा मोठा तं घेतला नाही ना ते पाहा. बरेचदा तिथंच गडबड असते.

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा): टर्बो डिझेल गाडी थांबल्यावर लगेच बंद करू नये म्हणतात, खरं का?

उत्तर: जोरात पळवून आणली असेल तं खरं. इंजिन बंद झालं की टर्बोच्या बेअरिंगला तेल जाणं थांबते अन आतलं तेल तापून करपते. अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवा. गावातून हळूहळू घरी आले असाल तं गरज नाही, उगाच डिझेल जाळू नका.