रेशमाने मढवलेल्या मॉडेल विमानाला कोणतं डोप लावावं? बेळगावजवळच्या खानापूरसारख्या दमट ठिकाणी एनसी लॅकरवर भागेल का?

तुम्ही लिहिलंय की पाच फुटी पंखाचं बाल्साचं विमान आहे, इंजिन ग्लोचं, मढवायला रेशीम आणलंय, डोप (म्हणजे मढवलेल्या कापडावर मारून ते ताणून घट्ट करणारा लेप) कुठं मिळेना आणि फर्निचर पॉलिशवाला म्हणतोय, "आमचा एनसी लॅकर मारा की, काय फरक पडतोय!" फरक पडतो. पण गडी अगदीच चुकीचं बोलत नाही.

डोप ठरवताना आधी इंधन बघायचं, बाकी सगळं नंतर. ग्लो इंधनात मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रोमिथेन असतं. डोप मुख्यतः दोन जातींचं, नायट्रेट आणि ब्युटिरेट. नायट्रेट डोप मिथेनॉलने मऊ पडतं. सायलेन्सरमधून उडालेलं अर्धवट जळकं इंधन विमानाच्या पोटाखाली आणि पंखाच्या मुळाशी साचतं. तिथला थर आधी बोटाला चिकटायला लागतो, मग कापडावरून सुटतो. ब्युटिरेट डोप मात्र या इंधनाला दाद देत नाही, त्यातल्या नायट्रोमिथेनचं प्रमाण फार नसलं म्हणजे झालं. मग सगळं ब्युटिरेटच का नको? तर लाकडाला आणि कापडाला धरतं ते नायट्रेट. म्हणून जुनी पद्धत अशी, की खाली नायट्रेट आणि वर ब्युटिरेट. उलटं करू नका, ब्युटिरेटवर नायट्रेट टिकत नाही.

आता एनसी लॅकर. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजच, त्यामुळे तो नायट्रेट डोपचा सख्खा भाऊ म्हणा. फक्त तो लाकडासाठी बनवलेला, कापड ताणून घेत नाही. रेशमाच्या बाबतीत यानं फारसं अडत नाही, कारण रेशीम ओलं करून ओढून बसवलं की वाळताना स्वतःच ताठ होतं. सांगाड्यावर आधी पातळ लॅकरचे दोन-तीन हात देऊन घासून घ्या. मग ओलं रेशीम पसरा आणि कडेवरून ब्रश फिरवा. लॅकर कापडातून झिरपून खालच्या थराला मऊ करतो आणि दोन्ही एकजीव होतात. वाळल्यावर निम्मं थिनर घालून पुढचे हात. वाटीभर लॅकरमध्ये एरंडेलाचे चार-सहा थेंब टाकले तर थर ठिसूळ होत नाही.

इंजिन इलेक्ट्रिक असतं तर इथंच थांबा म्हटलं असतं. ग्लोसाठी वर इंधन सोसणारा थर हवाच. ब्युटिरेट मिळत नसेल तर गाड्या रंगवणाऱ्यांकडचा टू-के पीयू क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचं पारदर्शक पॉलियुरेथेन), एकच पातळ हात. त्यातलं हार्डनर फुप्फुसाला वाईट, तेव्हा साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही. आधी रेशीम चिकटवलेल्या फळीच्या तुकड्यावर मारा, चांगलं वाळल्यावर वर इंधनाचा थेंब ठेवा आणि सकाळी नखानं खरवडून बघा. टू-के खालच्या लॅकरला सुरकुत्या पाडतोय का, तेही त्याच तुकड्यावर कळेल.

तुमची खरी अडचण मात्र हवा आहे. अथणीकडच्या कोरड्या हवेतला माणूस जुलैतही बिनघोर डोप मारेल, खानापुरात जमायचं नाही. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि थर दुधट पांढरा होतो. स्वस्त थिनर झपाट्यानं उडतं, म्हणून त्यानं हे जास्त होतं. पांढरं पडलंच तर घासत बसू नका. कोरड्या दिवशी रिटार्डर (थिनर हळू उडावं म्हणून घालायचं द्रव) घातलेल्या थिनरचा हलका हात द्या, बहुतेक वेळा निघून जातं. घाई नसेल तर सरळ दिवाळीनंतर काम काढा. खोली उबदार करायला शेगडी किंवा हीटर अजिबात नको, नायट्रोसेल्युलोज आणि त्याची वाफ दोन्ही भडकतात. खिडक्या उघड्या, देव्हाऱ्यातला दिवा विझलेला.

खरं ताणणारं डोप मिळालंच, तर पंख वाळेपर्यंत सपाट फळीवर टाचण्यांनी धरून ठेवा आणि खाली-वर सारखेच हात द्या, नाहीतर पंखाला पीळ बसतो. शेपटीवर तर कोणतंही डोप असो, हात आखडताच. तिथं एक ग्रॅम वाढला की तोल सांभाळायला नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं भरावं लागतं.